विजेच्या मोटारीचे टायर बदलताना: रेंजआधी पावसाचा विचार

गोवा सरकारचे विद्युत वाहन धोरण २०२१ सालचे. त्या सुमारास राज्यात रस्त्यावर आलेल्या विजेच्या मोटारींचे मूळ टायर आता झिजत आले आहेत आणि त्यांच्या मालकांना टायर निवडण्याचा प्रश्न प्रथमच पडू लागला आहे. मोटार घेताना बॅटरीची हमी, चार्जरची जागा, अनुदानाची रक्कम यांची चौकशी प्रत्येकाने केली. टायरांची कोणी केली नाही, कारण ते मोटारीबरोबरच आले होते. आज दुकानात गेल्यावर बहुतेकांच्या तोंडी दोन प्रश्न असतात: टायर किती किलोमीटर चालेल आणि रेंज किती घटेल. दोन्ही रास्त आहेत. परंतु जेथे वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस बव्हंशी चार महिन्यांत कोसळतो, तेथे तिसरा प्रश्न या दोहोंच्या आधी यायला हवा. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर हा टायर मोटारीला किती अंतरात थांबवेल?

टायर लवकर का झिजतात

टाटा नेक्सॉनचे उदाहरण घेता येईल. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या विजेच्या नेक्सॉनचे वजन १४०० किलो होते, म्हणजे तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा सुमारे दीडशे किलो अधिक. पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १७० न्यूटन मीटर, तर विजेच्या मोटरचा २४५. आणि हा सगळा जोर इंजिनाप्रमाणे फेरे वाढल्यावर नव्हे, तर पाय दाबताक्षणी चाकांवर येतो. टायरचे माप मात्र पेट्रोलच्या वरच्या श्रेणीतील मोटारीला जे, तेच हिलाही: २१५/६० आर १६. त्यामुळे दुकानदार त्या मापाचा कोणताही टायर पुढे करतो आणि गिऱ्हाईकही तो मुकाट्याने बसवून घेते. माप जुळते, काम जुळतेच असे नाही.

झिजेचे दुसरे कारण मोटार थांबवताना घडते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि गतीतील ऊर्जा बॅटरीत परत जाते. पायाचा ब्रेक चारही चाकांना आवरतो. या रिजनरेशनचा ओढा मात्र, मोटर ज्या चाकांना फिरवते तेवढ्याच चाकांवर येतो. नेक्सॉन, पंच, टियागो, एमजी झेडएस यांची पुढची चाके हे दुहेरी काम करतात. मोटार पळवायची त्यांनीच आणि आवरायचीही पुष्कळशी त्यांनीच. महिंद्राची बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई यांत मोटर मागच्या चाकांना जोडलेली असल्याने तेथे मागचे टायर आधी उतरतात. झीज नेमकी किती वाढते, याविषयी टायर कंपन्यांचेच आकडे जुळत नाहीत. कोणी २० टक्के म्हणते, कोणी त्याहून बरेच अधिक. चालवणाऱ्याच्या पायावर त्यातले पुष्कळसे अवलंबून असते. सिग्नल सुटताच उसळी घेणाऱ्याचे टायर २० हजार किलोमीटरवर मागणी करू लागतात, तर सावकाश जाणाऱ्याचे त्याच्या दुप्पट चालू शकतात.

रेंजचे गणित आणि गोव्याची लांबी

टायर फिरताना रबर सतत दबते आणि सुटते, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. पेट्रोलच्या मोटारीत इंजिनच इतकी उष्णता फेकते की टायरमधील ही गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. विजेच्या मोटारीत इतर गळत्या थोड्या असल्याने तीच डोळ्यांत भरते. कंपन्या मूळ टायर निवडताना रेंजचा आकडा वाढावा म्हणून कमी रोलिंग रेझिस्टन्सचे टायर घेतात, आणि टायर बदलल्यावर रेंज घटल्याची तक्रार येते ती येथूनच.

ही घट कागदावर मांडून पाहता येते. माणसांसह १७०० किलो वजनाची मोटार आहे असे धरू. एका टायरचा रोलिंग रेझिस्टन्स टनामागे ८ किलो आणि दुसऱ्याचा १० किलो असेल, तर दर शंभर किलोमीटरला सुमारे एक युनिट वीज जास्त लागेल. शंभर किलोमीटरला १४ युनिट खाणारी मोटार १५ खाऊ लागेल. ३० युनिटांच्या बॅटरीत २१४ किलोमीटर जाणारी मोटार २०० किलोमीटरवर येईल. दोन टायरांमधला हा फरक काही लहान नव्हे, तरी नुकसान १४ किलोमीटरचे. पणजी ते मडगाव या अंतराच्या निम्म्याहूनही कमी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोवा उत्तर-दक्षिण सुमारे १०५ किलोमीटर लांब आहे. पत्रादेवीहून निघालेली मोटार राष्ट्रीय महामार्गाने पोळेपर्यंत गेली, तरी चांगल्या बॅटरीत अर्धी भर उरते. रोज म्हापसा-पणजी किंवा फोंडा-वास्को करणाऱ्याला १४ किलोमीटरचा हिशेब कधी जाणवणारही नाही. चोर्ला घाटाने बेळगावला वारंवार जाणाऱ्याला तो जाणवेल. टॅक्सी व्यावसायिकाला तर दिवसाच्या शेवटी जाणवेलच. त्यांनी रेंजला अधिक महत्त्व देणे समजण्यासारखे आहे. इतरांनी मात्र परप्रांतातील हजार किलोमीटरच्या प्रवासवर्णनांवरून आपला टायर ठरवू नये.

आणखी एक खुलासा. नवा टायर बसवल्यावर रेंज थोडी घटतेच, अगदी जुन्याच कंपनीचा आणि जुन्याच नावाचा टायर घेतला तरी. झिजलेल्या टायरवर रबराचा थर पातळ असतो, म्हणून तो कमी ऊर्जा खातो. नव्याची नक्षी पूर्ण असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पडद्यावरचा आकडा पाहून दुकानदाराशी भांडायला जाण्यात अर्थ नसतो.

'ऑल सीझन' म्हणजे कोणता ऋतू

दुकानात आणि जाहिरातीत 'ऑल सीझन' हा शब्द सर्रास वापरला जातो. तो मूळचा थंड मुलखातला. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये अमेरिकेत 'टिएम्पो' नावाचा टायर आणला तेव्हापासून तो रूढ झाला. हिवाळ्यात बर्फासाठी वेगळे आणि उन्हाळ्यात वेगळे टायर बसवण्याचा व्याप वाचावा, हा त्यामागचा हेतू. अशा टायरच्या बाजूला 'एम' आणि 'एस' ही इंग्रजी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असेल, तर टायर बर्फावरील चाचणीतही उतरलेला असतो.

गोव्यात या चिन्हांचे काहीच काम नाही. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेले की सामान्य रबर कडक होते, म्हणून तिकडे मऊ रबराची योजना असते. येथे ती वेळ येत नाही. उलट मे महिन्यातील तापलेल्या डांबरावर मऊ रबर लवकर झिजते. भारतात विकले जाणारे बहुतेक टायर युरोपच्या भाषेत उन्हाळी प्रकारातलेच मोडतात, आणि आपल्याकडे ते बारा महिने चालतात. आपले ऋतू दोनच धरावेत: उन्हाचा आणि पाण्याचा. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने हिमकणाच्या चिन्हाचा टायर कितीही वाखाणला, तरी त्यासाठी येथे जादा पैसे मोजू नयेत.

पाण्यावर तरंगणारे चाक

टायरच्या नक्षीचे मुख्य काम पाणी बाजूला फेकणे. कोरड्या रस्त्यावर पूर्ण गुळगुळीत टायरही उत्तम धरतो. शर्यतीच्या मोटारींना म्हणूनच नक्षी नसते. पाणी साचले की चित्र उलटते. चाकाला सर्व पाणी खाचांतून बाहेर फेकणे जमले नाही, तर त्याच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक उचलले जाते. मग स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेक दाबूनही काही घडत नाही. रबर त्या क्षणी रस्त्याला लागलेलेच नसते.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून एक साधे सूत्र निघाले: चाक तरंगू लागण्याचा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. त्या सूत्राने ३६ पीएसआय दाबाला ताशी सुमारे १०० किलोमीटर आणि २५ पीएसआयला सुमारे ८३ किलोमीटर असा वेग येतो. मोटारीचे टायर विमानाच्या टायरसारखे नसतात, पाण्याची खोली आणि नक्षी यांनी हा वेग बराच बदलतो, म्हणून हे आकडे हमी म्हणून घेऊ नयेत. त्यातला बोध मात्र पक्का आहे. हवा कमी असेल तर धोका लवकर सुरू होतो, नक्षी झिजली असेल तर त्याहून लवकर, आणि टायर रुंद असेल तर आणखी लवकर. मिश्र धातूचे मोठे रिम आणि त्यावर रुंद टायर बसवण्याची जी हौस तरुणांत दिसते, ती विजेच्या मोटारीत दोन्हीकडून तोट्याची ठरते: रेंजही जाते आणि पावसातील पकडही.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतराने रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. पण ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, गोव्याच्या जून महिन्याची नव्हे. नवा टायर साधारण ७-८ मिलिमीटर नक्षीचा असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पाणी फेकण्याची ताकद बरीच ओसरलेली असते, आणि हा फरक कोरड्या रस्त्यावर अजिबात जाणवत नाही. म्हणून ३ मिलिमीटरच्या आसपास आलेला टायर मे महिन्यातच बदलावा; पाऊस संपल्यावर बदलू, असे म्हणून त्याच्यावर चार महिने काढू नयेत. नक्षी मोजण्याची पट्टी थोडक्या पैशांत मिळते. प्रत्येक चाकावर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजावे, कारण अलाइनमेंट बिघडलेल्या मोटारीचा टायर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून गोटा झालेला असतो.

पहिल्या पावसाचा धोका वेगळाच. महामार्गावर साचलेले तेल, रबराची भुकटी आणि आपल्याकडे त्यात भर म्हणून तांबडी धूळ यांवर पाणी पडले की निसरडा लेप तयार होतो. खनिज वाहतुकीच्या मार्गांवर, तसेच चिऱ्यांच्या खाणींजवळच्या रस्त्यांवर तो अधिक दाट. असा लेप पहिल्या दोन-चार दमदार सरींनीच धुऊन जातो. तोवर उत्तम टायरही लाचार असतो.

ओल्या रस्त्यावरील पकड आणि कमी रोलिंग रेझिस्टन्स या दोन गुणांचे रबराच्या रसायनात पूर्वापार वैर आहे. रबर ऊर्जा शोषते म्हणून धरते. शोषलेली ऊर्जा म्हणजेच वाया गेलेली वीज. मिशलिन कंपनीने १९९२ मध्ये कार्बन काजळीऐवजी सिलिका वापरून केलेला टायर बाजारात आणला, तेव्हा हे वैर बरेचसे मिटले. आज चांगल्या कंपन्या सिलिकाच्या जोरावर दोन्ही गुण साधतात. स्वस्त टायरमध्ये मात्र एक साधायचा म्हणजे दुसरा सोडायचा, असेच बहुधा घडते. 'कमी किमतीत जास्त रेंज' असे सांगणाऱ्या टायरविषयी शंका घ्यावी ती याच कारणाने.

मग पावसातील पकड ओळखायची कशी? येथे भारतीय ग्राहकाची थोडी पंचाईत आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीची तारांकित पट्टी टायरांसाठीही आहे, पण तिच्यावरचे तारे रोलिंग रेझिस्टन्सवर ठरतात. फ्रिजवरील ताऱ्यांप्रमाणे ते विजेची बचत सांगतात. टायर ओल्या रस्त्यावर किती धरतो हे त्यांतून कळत नाही. रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींच्या किमान मर्यादा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये घालून दिल्या, म्हणजे अगदीच टाकाऊ माल आता बाजारात येऊ नये. किमान मर्यादा ओलांडणारा आणि उत्तम असणारा यांतला फरक मात्र ग्राहकानेच शोधायचा आहे.

त्यासाठी दोन खुणा उपयोगी पडतात. टायरच्या बाजूवर वर्तुळात 'ई' हे इंग्रजी अक्षर व आकडा, आणि त्याजवळ एस, डब्ल्यू, आर ही अक्षरे असतील, तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार तपासलेला आहे; त्यातील डब्ल्यू म्हणजे ओली पकड. भारतात बनून निर्यात होणाऱ्या अनेक टायरांवर ही खूण असते. दुसरी खूण अमेरिकन पद्धतीची: ट्रॅक्शन या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी. ही श्रेणी ओल्या पृष्ठभागावर ब्रेक लावून ठरते. एए सर्वोत्तम, ए चांगली. त्याखालचा टायर गोव्यात घेण्याचे कारण नाही. त्याच ठिकाणी ट्रेडवेअर म्हणून ३००, ४००, ५०० असा आकडा असतो. दुकानदार बोट ठेवतो तो नेमका त्यावर, कारण तो टायर किती टिकेल हे सुचवतो. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांचे तोलायला फारसा उपयोगाचा नाही. शिवाय युरोपात मे २०२१ पासून लागू असलेल्या पट्टीवर ओल्या पकडीची ए ते ई अशी स्वतंत्र श्रेणी असते. तोच टायर तिकडेही विकला जात असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. नाव एकच असले तरी कारखान्यागणिक मिश्रण बदलू शकते, एवढी सावधगिरी बाळगावी.

बाजूवरचे आकडे

२१५/६० आर १६ ९५ एच. यातील पहिले तीन आकडे बहुतेकांना ठाऊक असतात: रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिमचा व्यास इंचांत. विजेच्या मोटारीत महत्त्व आहे ते चौथ्याला. ९५ हा भारांक आहे. एका टायरने ६९० किलो पेलावेत असा त्याचा अर्थ. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९९ म्हणजे ७७५. चार टायरांची बेरीज केली तर मोटारीच्या वजनापेक्षा ती पुष्कळ अधिक भरते, आणि मग ९१चा टायर दिला म्हणून काय बिघडले, असा युक्तिवाद दुकानात ऐकू येतो. तो फसवा आहे. भार चारही चाकांवर सारखा नसतो, ब्रेक लावताना तो पुढे झुकतो, खड्ड्यात आदळताना क्षणभर कितीतरी वाढतो, आणि भारांकाचा आकडा पुरेशी हवा असतानाच खरा असतो. मोटारीबरोबर आलेल्या टायरवर जो भारांक असेल त्याहून कमी कधीही घेऊ नये. अधिक असल्यास हरकत नाही.

एक्सएल ही अक्षरे असलेला टायर जास्त भाराचा असतो. पण त्याची जास्तीची ताकद जास्त हवेतूनच येते. एक्सएल बसवून हवा जुन्याच दाबाला ठेवली, तर तो साध्या टायरहून जास्त काही पेलत नाही. मोटारीच्या दाराजवळ किंवा पुस्तिकेत लिहिलेला दाब हाच आधार मानावा आणि तो सकाळी, टायर थंड असताना तपासावा. मापाच्या आधी एचएल अशी अक्षरे असलेला त्याहून भारी वर्ग गेल्या काही वर्षांत निघाला आहे, तो मोठ्या आणि महागड्या मोटारींसाठी. आपल्याकडील मध्यम मोटारींना त्याची गरज पडत नाही. शेवटचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०. गोव्यातील रस्त्यांवर हा प्रश्न तात्त्विकच आहे.

चार आकड्यांचा आणखी एक शिक्का लंबवर्तुळात असतो. १४२५ म्हणजे २०२५ सालातील चौदावा आठवडा. टायर वापराविनाही जुना होतो, आणि गोव्यात हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. येथील कित्येक विजेच्या मोटारी घरातील दुसरी मोटार म्हणून दिवसाला १५-२० किलोमीटर फिरतात आणि उरलेला वेळ उन्हात उभ्या असतात. त्यांच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच-सहा वर्षांनंतर असा टायर दरवर्षी जाणत्याला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी ठेवू नये. नवा घेताना शिक्का वर्षभराच्या आतला असावा, आयएसआय चिन्ह असावे, आणि चारही टायर शक्यतो एकाच सुमाराचे असावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर नजर टाकताना हेही पाहावे.

'ईव्ही' लिहिलेला टायर

विजेच्या मोटारींसाठीचे म्हणून खास टायर आता भारतातही मिळतात. अपोलोने ऑगस्ट २०२२ मध्ये 'अँपेरिऑन' आणला, सिएटचा 'एनर्जीड्राइव्ह' आहे, मिशलिन, ब्रिजस्टोन आदींचेही आहेत. मात्र जून २०२० पासून टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत गेल्याने परदेशी संकेतस्थळांवर दिसणारा प्रत्येक टायर येथे मिळेल असे नाही. शिवाय 'ईव्ही टायर' या नावाची कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. अधिक भार पेलणारी बांधणी, कमी रोलिंग रेझिस्टन्स, झीज सोसणारे रबर आणि कमी आवाज हे त्याचे गुण. ते ईव्ही न लिहिलेल्या चांगल्या टायरमध्येही असू शकतात. नावाचे पैसे देण्यापूर्वी भारांक आणि ओल्या पकडीची खूण पाहावी, आणि त्या दोन्ही सरस असतील तर थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही.

आवाजाविषयी मात्र थोडे अधिक सांगायला हवे. इंजिनाची घरघर नसल्यामुळे विजेच्या मोटारीत टायरचाच आवाज सर्वांत मोठा वाटतो. त्यावर उपाय म्हणून काही टायरांच्या आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. ऐकायला सुख वाटते. पंक्चर झाल्यावर दुःख. असा टायर दुरुस्त करताना त्या जागेचा फोम काढावा लागतो आणि काम झाल्यावर पुन्हा चिकटवावा लागतो. काणकोण किंवा सांग्याच्या रस्त्यालगतच्या पंक्चरवाल्याकडे हे होईलच याची खात्री नाही. त्यात कित्येक नव्या मोटारींना स्टेपनी नसते. बॅटरीला जागा मिळावी हा विचार धरून, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असल्यास स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा केंद्र सरकारने २०२० मध्ये दिली. ग्रामीण भागात राहणाऱ्याने फोमचा टायर घेण्यापूर्वी याचा विचार करावा.

दुकानात काय पाहावे

सर्वांत गंभीर चूक टायर निवडताना नव्हे, मोटार उचलताना होते. विजेच्या मोटारीची बॅटरी तळाशी पसरलेली असते. घाईत ट्रॉली जॅक तळाच्या मधोमध लावला तर बॅटरीचे कवच दबू शकते आणि त्याचा खर्च चार टायरांच्या कितीतरी पट होतो. जॅक लावण्याच्या जागा पुस्तिकेत आकृतीसह दिलेल्या असतात. ते पान कामगाराला आधीच दाखवावे, संकोच करू नये. नट कसताना यंत्राने भडाभडा न आवळता शेवटी टॉर्क पाना वापरला जातो का, हेही पाहावे.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. खर्चामुळे दोनच घ्यायचे असतील, तर नवे दोन मागे बसवावेत आणि अर्धे झिजलेले पुढे आणावेत. हे ऐकून अनेक जण वाद घालतात, कारण झिजतात पुढचे आणि नवे पुढे हवेत असेच मनात बसलेले असते. कारण साधे आहे. पुढची चाके पाण्यावर तरंगली तर मोटार सरळ जाते, पाय सैल केल्यावर पुन्हा हाती येते. मागची तरंगली तर मोटार गिरकी घेते आणि ती आवरणे सराईत चालकालाही कठीण जाते. चोर्ला, अनमोड किंवा करमल घाटाच्या वळणावर त्या गिरकीला जागाही नसते. त्याच कारणाने घाट उतरताना पावसात रिजनरेशनची पातळी एक पायरी खाली ठेवणे शहाणपणाचे, म्हणजे चालक चाकांवर एकदम ओढ बसत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजनरेशन जवळजवळ चालतच नाही, तेव्हा पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी लागते.

टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्यावे आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी. पेट्रोलच्या मोटारीत ती टाळणाऱ्याचे फार बिघडत नाही. येथे चालक चाकांवरचे टायर इतरांच्या बरेच आधी संपतात. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले जातात, त्यावर फार विचार करू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि खरा फायदा दर पंधरवड्याला दाब तपासण्यात आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो, तोवर पावसात जपून चालवावे.

काढलेले टायर बहुतेक वेळा दुकानदारच ठेवून घेतो. उत्पादकांवर जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम २०२२ मध्ये आले असल्याने त्यांचा योग्य मार्ग आता तोच आहे. झाडाभोवती कुंपण करू, मुलांना झोका बांधू, म्हणून ते घरी आणले जातात आणि मग मागच्या अंगणात पडून राहतात. पावसाळ्यात त्यांच्या पोकळीत पाणी साचते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला तेवढे पाणी पुरते.